पाचरीच्या मागची बाजू

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय कधीही दगा देईल, स्टुलावर बसा. आणि दिवा जरा तुमच्याकडे ओढून घ्या. जन्मभर चेहरे कोरत आले, त्यामुळे समोरच्याचा चेहरा दिसला नाही तर मला बोलायला सुचत नाही.

प्रकाशकांनी तुम्हाला सांगितलं असेल, बाईकडून नावेचा ठोकळा घेऊन ये, बाई जरा चक्रम आहे, गोडीनं बोल. चक्रम तर चक्रम. पण ठोकळा मिळणार नाही. का मिळणार नाही ते मात्र ऐकून जा. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि विचारायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

तो फडताळावर आहे, तोच. हात लावू नका! पालथा आहे ना? चित्र खाली, पाठ वर. तो तसाच ठेवायचा असतो.

आमचं काम सांगायला साधं आहे. लाकडाच्या फळीवर चित्र उलटं काढायचं, जे काळं हवं ते तसंच ठेवायचं, बाकीचं कोरणीनं खणून काढायचं. मग त्या कोरलेल्या ठोकळ्याला रुळानं शाई लावायची, वर कागद दाबायचा, छाप निघतो. चित्रकाराला रबर असतं, आम्हाला नसतं. एकदा उडालेली ढलपी परत लाकडात जात नाही.

हे मला उस्तादांनी शिकवलं. ही खोली त्यांचीच. मी त्यांच्याकडे आले तेव्हा दोन वेण्या घालत होते, आणि ते गेले तेव्हा माझी मुलगी ठकी पोटातसुद्धा नव्हती. उस्ताद मोजकं बोलत. कोरणीला धार लावून झाली की ती डाव्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवत. घसरली तर परत दगडावर. नखाला अडली तर मान डोलावून म्हणत, "अडली." शाबासकी म्हणून नाही, नुसतं आपलं स्वतःशीच. मला ते कधी जमलं नाही. मी कागदाची कड कापून बघते.

त्यांचा एक रिवाज होता. चेहऱ्याचा ठोकळा छापून झाला की त्या चेहऱ्यावरून एक खोल काट मारायची. लोक म्हणायचे, कुणी चोरून जास्तीचे छाप काढू नयेत म्हणून. उस्ताद म्हणायचे, "चेहरा उघडा ठेवला की तो वाट बघत बसतो." कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शिकणाऱ्यानं फार तोंड चालवू नये, असा तो काळ.

तर, गेल्या वर्षी तुमच्या प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं मागितली. त्यातलं हे एक. चहूकडे पुराचं पाणी, एक नाव, वल्हं मारणारा बाप, गाठोडं सांभाळणारी आई आणि मध्ये हसणारी मुलगी. मुलीसाठी मी ठकीलाच समोर बसवलं. ठकी माझी एकुलती एक. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी डोळे वटारून गप्प पडली होती, म्हणून ठकी. गप्प बसली ती तेवढीच. नंतर इतकी बोलायला लागली, की तिचा बाप म्हणायचा, हिच्या तोंडाला बिजागरी आहे, कडी नाही. तो पुस्तकांची बांधणी करतो, त्याला शांततेची सवय.

चेहरा छान उतरला होता. मी पहिला छाप घेऊन प्रकाशकांकडे निघणारच होते. चप्पलसुद्धा घातली होती. तेवढ्यात वाटलं, ओठाच्या कोपऱ्यात केसभर लाकूड जास्त राहिलंय. कोरणी टेकवली. ठकी माझ्या पाठीशी उभी राहून बघत होती.

"आई, नावेतल्या मुलीला शू लागली तर ती काय करणार?"

मला फसकन हसू आलं आणि हात सुटला. मुलीच्या कानापासून ओठापर्यंत लाकूड सोलून निघालं.

"तिला दुखलं का गं?" ठकीनं विचारलं.

"लाकडाला काय दुखतंय? दुखलं मला. एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली."

किती बिघडलंय ते बघायला मी एक छाप काढला आणि रागानं घडी करून पिशवीत कोंबला. संध्याकाळी ठकीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिचा डावा गाल कानापासून ओठापर्यंत ताठ झाला होता. तोंड उघडेना, पाणी घशाखाली उतरेना. डोळे तेवढे माझ्यामागे फिरत होते. जी पोर झोपेतसुद्धा बडबडायची, ती नुसती बघत होती.

रुग्णालयात नेलं. नाकातून नळी घातली. तपासण्या झाल्या, मोठे डॉक्टर आले, त्यांच्याहून मोठे आले, आणि सगळ्यांनी मिळून सांगितलं, "वाट बघू." वॉर्डात फिनेलचा आणि उकळलेल्या दुधाचा वास कोंदला होता. ठकी दिवसादिवसाला वाळत चालली. परिचारिका माझ्याशी फार मायेनं बोलायला लागली, तेव्हा मी काय समजायचं ते समजले.

तिच्या उशाशी बसून मी रुमालासाठी पिशवीत हात घातला, तर हाताला तो छाप लागला. घडी उलगडली. नावेतली मुलगी हसत होती आणि तिच्या डाव्या गालावरून, कानापासून ओठापर्यंत, पांढरी रेघ गेली होती. ठोकळ्यावर ती रेघ उजवीकडे. कागदावर येते तेव्हा डावीकडे येते. मी कागद ठकीच्या गालाशेजारी धरला. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघायला लागली.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तू दोन घास खा आणि झोप. डोकं ठिकाणावर नाहीये तुझं." बरोबरच होतं त्याचं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि मला तर आयुष्यभर लाकडाचाच आधार. मी उठून इथे आले.

आमच्याकडे मोठ्या चुकीवर एकच औषध आहे, पाचर. बिघडलेला भाग चौकोनी कापून आरपार काढून टाकायचा. त्याच मापाचा दुसरा तुकडा त्या भोकात घट्ट बसवायचा, सरसानं पक्का करायचा, तासून सपाट करायचा आणि वर नव्यानं कोरायचं. तुकडा जुन्या मुरलेल्या लाकडाचाच लागतो. नवं लाकूड फुगतं. उस्तादांच्या फळ्या त्या कोपऱ्यात उभ्या होत्या. सगळ्यात मागे एक होती, भिंतीकडे तोंड करून. इकडची बाजू कोरी, गुळगुळीत. पलीकडची शाईनं काळीकुट्ट. आम्ही लोक चिक्कू, एका बाजूला चित्र छापून झालं की दुसरी बाजू वापरतो. पण वापरण्याआधी फळी पलटायची, पलीकडे चेहरा असेल तर त्यावर काट आहे ना ते बघायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी पलटली नाही. माझी मुलगी मरत होती हो. मी करवत घेतली आणि चौकोन कापला.

पाचर बसली ती अशी, जशी तिथलीच. काळी बाजू मागे गेली. मग पाठीमागून आधाराला एक पातळ फळी चिकटवतात, तीही चिकटवली, म्हणजे काळी बाजू कायमची झाकली गेली. आणि मी ठकीचा चेहरा परत कोरायला घेतला. डोळे, गाल, शेवटी ओठ. ओठांची फट मोकळी झाली आणि बाहेर नवऱ्याच्या सायकलचा आवाज आला. तो दारातच रडत उभा राहिला.

"पाणी मागितलं तिनं," तो म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं."

देवाशपथ सांगते, त्या दिवसाइतकी सुखी मी कधीच नव्हते.

ठकी घरी आली. तिच्या चेहऱ्यावर एक बारीक रेघ राहिली होती, कपाळावरून, दोन्ही गालांच्या कडेनं, हनुवटीखालून. चौकोनी. उजेड तिरका पडला तरच दिसायची. डॉक्टर म्हणाले, नळीच्या चिकटपट्टीची असेल. मी म्हटलं, असेल. पुस्तक छापून झालं, पण ठोकळ्यावर काट मारायला माझा हात धजला नाही. तुमचा तरी धजला असता का?

मग एक दिवस दुपारी ठकी जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "आई, माझ्या पाठीमागे कोण आहे?"

पाठीमागे भिंत होती.

"कुणी नाही गं."

"आहे. ती माझ्या पाठीला पाठ लावून बसते."

मुलं काहीबाही बोलतात. पण ठकी पाठीवर झोपेनाशी झाली. पालथी झोपायची, तोंड उशीत खुपसून. मी उताणी केली की ताडकन उठायची. मी ओरडले, एक धपाटाही घातला. तेव्हा ती मुसमुसत म्हणाली, "मी पाठीवर झोपले की तिला श्वास घेता येत नाही… ती मला नखं मारते…"

मी तिचा फ्रॉक वर केला. पाठीवर ओरखडे होते. जिथे मुलीचा स्वतःचा हात पोचूच शकत नाही, तिथे.

मी धावत इथे आले आणि ती कापलेली फळी ओढून पहिल्यांदा पलटली. कोरलेली वेणी होती, फ्रॉकची झालर होती, मांडीवर ठेवलेले हात होते. चेहऱ्याच्या जागी माझ्या करवतीनं केलेलं चौकोनी भोक. काट कुठेच नव्हती. फळी घेऊन मी मागच्या खोलीत काकूंकडे गेले. काकू म्हणजे उस्तादांची बायको. ते गेल्यापासून एकट्याच राहतात. त्यांनी फळीवरून हात फिरवला.

"ही आमची पोर," त्या म्हणाल्या. "तू यायच्या आधीच गेली. तापानं. यांनी तिला बसवून कोरली होती, अंगात ताप असतानाच. मी म्हटलं होतं, काट मारा. जगाच्या चेहऱ्यांवर काट मारणारा माणूस, स्वतःच्या लेकीवर हात उचलेना. भिंतीकडे तोंड करून ठेवली." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तोंड कुठंय हिचं? काय केलंस तू?"

मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या घाबरतील. त्यांचा चेहरा असा उजळला, की मीच घाबरले.

"बोलते का गं ती? काय म्हणते?"

त्या माझ्याबरोबर घरी आल्या. ठकी खाटेवर पालथी पडली होती. काकू तिच्या पाठीशी बसल्या आणि तिच्या पाठीशीच बोलायला लागल्या, हळू, अंगाई म्हणावी तशा सुरात. बाळा, भूक लागली का. बाळा, केस किती गुंतलेत. ठकी उशीतून म्हणाली, "काकू… ती विचारते, मला भिंतीकडे तोंड करून का ठेवलं?"

काकूंनी पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "राहू दे ना दोघींना. जागा लागतेच किती?"

"काकू, माझी पोर वाळतेय."

"माझी पण पोरच आहे."

मी त्यांच्या पाया पडले आणि तरीही म्हटलं, मी काट मारणार. त्या म्हणाल्या, "बरं. तू तुझं काम कर. मी इथे पोरीचा हात धरून बसते."

इथे येऊन मी ठोकळा पालथा घातला आणि मागच्या फळीला पटाशीनं खिडकी पाडली. ऊन होतं, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, सगळं नेहमीसारखं होतं. फक्त लाकडाचा वास नेहमीचा नव्हता. आजारी मुलाच्या केसांना येतो तसा, तापाचा वास होता. आत काळे डोळे दिसले, नाक दिसलं, अर्धवट उघडे ओठ दिसले. उस्तादांनी काय कोरलं होतं! मी आयुष्यात तसं कोरणार नाही. मी क्षमा मागितली, आणि कोरणी टेकवून काट मारली.

खोल गेली. फार खोल. दोन्हीकडून कोरल्यानं पाचर पातळ झाली होती. टोक पलीकडे निघालं. पलटून बघते तर माझ्या ठकीच्या डोळ्याखाली, नावेतल्या ठकीच्या, एक बारीक छेद.

मी कशी घरी पोचले मला आठवत नाही. ठकी खाटेवर उताणी, शांत झोपली होती. काकू शेजारी बसून तिचे केस विंचरत होत्या. मी वाकून डोळ्याखाली बघितलं. छेद नव्हता. खिडकी सताड उघडली, उजेड तिरका पाडला. ती चौकोनी रेघही नव्हती. चेहरा स्वच्छ होता, अगदी कोऱ्या कागदासारखा. नवरा हात जोडून म्हणाला, "सुटलो एकदाचे." काकू माझ्याकडे बघून फक्त हसल्या.

ठोकळ्याला लागलं की ठकीला लागायचं. मग या वेळी का नाही लागलं? मी हे नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पोरगी बरी झाली, आता कशाला उकरून काढतेस? मग मी विचारणं सोडून दिलं.

आता घरात सगळं छान आहे. मुलगी गुणी आहे. सांगितलं की ऐकते, पाठीवर सरळ झोपते, ताटात काही टाकत नाही. बोलते कमी. शूचे विनोद करत नाही. रोज संध्याकाळी काकूंकडे वेणी घालून घ्यायला जाते. मला आई म्हणते, गोड आवाजात म्हणते, पण प्रत्येक वेळी हाक मारायच्या आधी क्षणभर थांबते. मी तिला जवळ घेते. न घेऊन कसं चालेल? माझीच असली तर?

आणि हा ठोकळा. रोज सकाळी मी त्या खिडकीत बोट घालून बघते. कडा ओल्या असतात. हिवाळ्यात काचेवर श्वास सोडला की येतो, तेवढाच ओलावा. बाकीचं लाकूड खडखडीत कोरडं. म्हणून तो पाठ वर करून ठेवते. तिला श्वास घेता यावा म्हणून.

मागून परत काही करावं, तर आत माझी पोर असेल. पुढून काट मारावी, तरी माझी पोर असेल. तुम्हाला द्यावा, तर तुमच्या गोदामात कुणी तो सुलटा ठेवेल, वर दहा ठोकळे रचेल. तुम्हीच सांगा, मी काय करू? तुम्हाला मुलं आहेत? … सांगा ना काहीतरी. नुसते बघू नका.

थांबा. पावलं वाजली. तीच आली.

ये गं. हे प्रकाशकांकडचे काका आहेत. नाही, ठोकळा नेत नाहीयेत. … हो, छापून झालाय. हो, मला माहीत आहे रिवाज. रोज काय तेच तेच विचारतेस? … हातात काय आहे तुझ्या? माझी कोरणी कशाला घेतलीस? धार लावून आणलीस? तुला कुणी शिकवलं धार लावायला?

काका, तिच्या हाताकडे बघा. डाव्या हाताकडे. नखावर टेकवून बघतेय…

"अडली. घे आई."